उरलेली दोन हाडे

प्रयोगशाळेत हाडाला नाव नसते, खूण असते. जुन्या गोव्यातील ऑगस्टिनियन मठाच्या अवशेषांतून निघालेल्या तीन अस्थी हैदराबादच्या 'सीसीएमबी' या जीवशास्त्रीय संशोधन संस्थेत तपासल्या गेल्या, तेव्हा त्यांना खुणा मिळाल्या त्या अशा : क्यूकेटी-१, क्यूकेटी-२, क्यूकेटी-३. अक्षरे 'क्वीन केतेवान'ची. पहिले हाड जॉर्जियाच्या राणीचे असावे, असा निष्कर्ष निघाला. उरलेल्या दोहोंतील मातृवंश भारतीय उपखंडात सर्रास आढळणारा निघाला. म्हणजे ती राणीची नव्हेत. तरीही शास्त्रीय नोंदीत ती राणी केतेवान क्रमांक दोन आणि राणी केतेवान क्रमांक तीन म्हणूनच राहिली.

पहिल्या हाडाचे पुढे काय झाले, ते वर्तमानपत्रांत सविस्तर आले आहे. २०१७ मध्ये ते वर्षभरासाठी जॉर्जियात दर्शनाला गेले. जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी तिबिलिसीत त्याचा एक भाग त्या देशाला भेट म्हणून दिला. विमानतळावर मानवंदना, धर्मगुरूंची प्रार्थना, दोन देशांच्या मैत्रीची भाषणे, सगळे यथासांग झाले. शोधनिबंधाच्या मथळ्यात 'बहुधा' हा शब्द होता. समारंभात तो कुठे गळाला, हे कळले नाही. समारंभांना 'बहुधा' परवडत नाही, हेही खरे.

दुसऱ्या आणि तिसऱ्या हाडाचे पुढे काय झाले, हे कुणी विचारल्याचे दिसत नाही. बातम्यांत त्यांचे काम एवढेच, की पहिले हाड इथले नाही हे त्यांच्या शेजारी ठेवल्यावर अधिक उठून दिसावे. इथली होती म्हणून ती बाजूला पडली. गोव्यात सापडलेल्या अस्थींबाबत 'इथली' असणे हा दोष ठरावा, हे जरा थांबून पाहण्यासारखे आहे.

मुळात शोध लागला तो कागदामुळे. केतेवानला १६२४ मध्ये शिराझ येथे इराणच्या शाह अब्बासच्या हुकमाने हालहाल करून मारले गेले. ऑगस्टिनियन पाद्रींचे तिथे ठाणे होते. त्यांनी गुपचूप तिचा देह उकरला, त्यातला काही भाग १६२७ मध्ये गोव्याला आणला आणि आपल्या मठात ठेवला. कुठे ठेवला, हे त्यांनी लिहून ठेवले. चॅप्टर चॅपेलमध्ये, एपिसलच्या बाजूला, दुसऱ्या खिडकीशी, दगडी पेटीत. वेदीकडे तोंड करून उभे राहिले की उजव्या हाताची ती एपिसलची बाजू. पत्ता इतका नेमका, की टपाल खात्यालाही चूक काढता येऊ नये.

अडचण एवढीच होती, की पत्ता शिल्लक होता आणि घर नव्हते. १८३४ मध्ये पोर्तुगालने धर्मसंघ बरखास्त केले. पुढच्या वर्षी गोव्यातला हा मठ रिकामा झाला. १८४२ मध्ये चर्चचे छत कोसळले. मोठी घंटा आग्वादच्या दीपस्तंभावर गेली, तिथून १८७१ मध्ये पणजीच्या चर्चमध्ये आली. ती आजही तिथे वाजते. १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि बुरुजाचा निम्मा हिस्सा ढासळला. आज पर्यटक ज्याचे फोटो काढतात, तो सेहेचाळीस मीटर उंचीचा जांभ्या दगडाचा सुळका म्हणजे त्या बुरुजाचा उरलेला अर्धा. युनेस्कोच्या यादीत तो १९८६ पासून आहे. आणि खिडकीचे तर असे असते, की भिंत पडली की ती सापडत नाही. ती मुळात पोकळीच. तेव्हा दुसरी खिडकी शोधण्यापूर्वी पहिली कोणती, आणि त्याआधी चॅप्टर चॅपेल कोणते, हे ठरवणे भाग होते. सोव्हिएत काळाच्या अखेरीपासून जॉर्जियाचे अभ्यासक इथे येऊन ढिगाऱ्यात डोके घालत होते. २००४ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या उत्खननात ते हाड हाती लागले.

कागदाने भिंतीवर मात केली, असे म्हणून या गोष्टीकडे कौतुकाने पाहण्याची पद्धत आहे. कौतुक जरूर करावे. पण कागद इतका नेमका का होता, हेही विचारावे.

मठाच्या दफ्तरात ज्या गोष्टीला मोल, तिची जागा नोंदलेली. संताचे किंवा हुतात्म्याचे अवशेष ही मठाची प्रतिष्ठा असते, आणि प्रतिष्ठेवर देणग्या येतात. केतेवान ऑर्थोडॉक्स पंथाची होती, कॅथलिक नव्हे. पण इस्लामी बादशहापुढे धर्म न सोडता मेलेली राणी कुणाला नको असते? तिच्या हौतात्म्याचे चित्रण ऑगस्टिनियनांनी लिस्बनच्या ग्रासा मठात निळ्यापांढऱ्या फरशांवर करून घेतले. गोव्यातल्या खिडकीचा पत्ता ही त्याच आस्थेची दुसरी बाजू. मौल्यवान वस्तू कोणत्या कपाटात आहे, हे गृहिणीही लक्षात ठेवतेच.

मग त्याच भिंतींत ज्यांच्या अस्थी निघाल्या, ते उरलेले दोघे कोण?

इथे प्रकरण खरे तर रंगायला हवे होते. कारण ऑगस्टिनियन असोत, फ्रान्सिस्कन असोत वा जेझुइट, गोव्यातील या बड्या संघांनी सोळाव्या-सतराव्या शतकात गोमंतकीयांना सामान्यतः दारात उभे केले नाही. बाप्तिस्मा द्यावा, शिकवावे, फार तर पाद्री करून गावच्या चर्चमध्ये हाताखाली ठेवावे. पण संघाचा सदस्य म्हणून पंगतीला घेऊ नये, अशी रीत. या अपमानातूनच सतराव्या शतकाच्या अखेरीस गोमंतकीय पाद्रींनी जुन्या गोव्यातच स्वतःची ऑरेटोरियन संस्था उभारली. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ज्यांना संतपद दिले, ते जुझे वाझ तिच्यातलेच. म्हणजे इथल्या माणसाला जिवंतपणी ज्या मठाचा झगा घालता येत नव्हता, त्याच्या भिंतींत इथल्याच मातृवंशाची हाडे निघतात. हा विरोधाभास राणीच्या हाडापेक्षा कमी महत्त्वाचा आहे का?

उत्तरे असू शकतात. मायटोकाँड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो. आईची आई, तिची आई, असा तो मागे जातो. बापाविषयी तो काहीच सांगत नाही. गोवा जिंकणाऱ्या अल्बुकर्कने आपल्या शिपायांना इथल्या बायकांशी लग्ने करण्यास उत्तेजन दिले होते. त्या घरांतली मुले बापाचे आडनाव लावत, पोर्तुगीज म्हणवून घेत, आणि त्यांतली काही संघांत जात. अशा एखाद्या पाद्रीची आजी किंवा पणजी तिसवाडीतल्या एखाद्या गावची असेल. किंवा आणखी लांबची : या संघाचा पसारा हुगळीकाठच्या बांडेलपर्यंत होता, तेव्हा ती बंगालचीही असू शकेल. किंवा ही माणसे पाद्री नसतीलच. मठात फक्त पाद्री राहत नव्हते. नोकर होते, गुलाम होते. अर्थात गुलामाला दफनासाठी अशी जागा मिळणे अवघड, त्यामुळे पहिली शक्यता अधिक सयुक्तिक वाटते.

ती खरी असेल तर गोष्ट अशी होते. संघाच्या कागदात माणूस बापाच्या नावाने आणि आडनावाने नोंदला जातो. तिथे तो पोर्तुगीज. त्याच माणसाच्या हाडात मात्र बाप उमटत नाही, फक्त आई उमटते. तिथे तो इथला. जी बाई कोणत्याच नोंदवहीत आली नाही, ती चारशे वर्षांनी प्रयोगशाळेच्या निष्कर्षात आली. आणि तिथेही तिला राणीच्या नावाचा क्रमांक लावून बाजूला ठेवण्यात आले.

यात शास्त्रज्ञांचा दोष नाही. त्यांना एक प्रश्न विचारला होता, त्यांनी त्याचे उत्तर चोख दिले. केतेवानचा मातृवंश, यू-वन-बी, भारतातील हजारो नमुन्यांत आढळला नाही आणि जॉर्जियातील मोजक्या नमुन्यांत आढळला, एवढे त्यांनी दाखवले. दोष असलाच तर प्रश्नाचा आहे. प्रश्न एकाच हाडाबद्दल होता.

तो तसाच का होता, हे ओळखायला फार लांब जायला नको. अभिलेखागारात जो तो आपापल्या राजाराणीसाठी जातो. जॉर्जियाचे लोक केतेवानसाठी आले. महाराष्ट्रातले आपण गोव्याच्या दफ्तराकडे वळतो ते शिवाजी महाराज आणि संभाजी महाराज यांच्यासाठी. पांडुरंग पिसुर्लेकरांचे नाव मराठी वाचकाला ठाऊक आहे ते 'पोर्तुगेज-मराठे संबंध' या पुस्तकामुळे. त्यांनी आयुष्यभर सांभाळलेल्या, लावलेल्या आणि सूचीबद्ध केलेल्या त्या दफ्तरात आणखी काय काय आहे, याची चौकशी आपण फारशी केलेली नाही. फोंड्याच्या वेढ्यापलीकडे त्या कागदांत आपल्याला रस नसतो.

आहे ते पुष्कळ आहे. धर्मसंघ बरखास्त झाले तेव्हा त्यांच्या मालमत्तेबरोबर कागदही सरकारजमा झाले. पणजीच्या अभिलेखागारात 'पापेइस दुस कोन्व्हेंतुस एश्तिंतुस' म्हणजे बरखास्त मठांचे कागद, या नावाखाली ते आजही बांधलेले आहेत. जमाखर्चाच्या वह्या, जमिनींचे पट्टे, खंडाचे हिशेब, कोर्टातले दावे. राणीची खिडकी भक्तीच्या शाईने लिहिली गेली. गावची माणसे या वह्यांत येणे-बाकीच्या शाईने आली. कुणाकडून किती भात येणे आहे, कोणत्या कुळाने नारळ घातले नाहीत, बांध कुणी फोडला, नोकराला काय दिले. गावकऱ्याचे नाव इथे येते ते देणेकरी म्हणून. पण येते.

या वह्या कुणीच उघडल्या नाहीत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तेओतोनियो डिसोझा यांनी १९७९ च्या 'मेडिव्हल गोवा' या ग्रंथात मठांच्या हिशेबवह्यांना आणि गावांच्या दफ्तरांना हात घातला. स्वतः त्या वेळी जेझुइट असलेल्या माणसाने चर्च आणि व्हाइसरॉय बाजूला ठेवून गावकरी, भात आणि भाव यांवरून गोव्याचा इतिहास लिहावा, हे तेव्हा अनेकांना रुचले नव्हते. त्यांच्यानंतरही काही अभ्यासक तिकडे गेले. पण उत्खनन, डीएनए, दोन सरकारांचा पत्रव्यवहार, विमान, हा सगळा लवाजमा एका हाडासाठी उभा राहिला, त्याचा शतांश भागही या वह्यांच्या वाट्याला आला नाही. अवशेषांची डागडुजी होते, कुंपण होते, पाटी लागते. कागदाला वाळवी लागते, आणि ती पर्यटकाला दिसत नाही.

आता कुणी म्हणेल, दोन अनाम हाडांचे काय एवढे? नाव सापडणार आहे का? कदाचित नाही. पण प्रयत्न करण्यासारखी जागा आहे. संघांचे कागद गोव्यात आहेत, लिस्बनच्या तोर्रे दु तोंबु या अभिलेखागारात आहेत. मठात कुणाचे अवशेष जपले गेले, कोण कुठून आला, कधी वारला, याच्या नोंदी संघ ठेवत असत. खिडकीचा पत्ता ज्या दफ्तरातून मिळाला, त्याच दफ्तराला हाही प्रश्न घालता येतो. राणीच्या बाबतीत कागद आधी होता आणि हाड नंतर सापडले. इथे हाड हातात आहे, कागद शोधायचा आहे. तीन-चार शतकांपूर्वीच्या माणसाच्या आईचे गाव ठरवणे अवघड असेल, पण त्या मठात जन्माने कोण कुठले होते याचा अंदाज बांधणे अशक्य नाही. आणि तो बांधला गेला, तर 'पोर्तुगीज पाद्री' आणि 'गोमंतकीय रयत' अशी जी सरळ रेघ आपण दोन्ही बाजूंनी ओढून ठेवली आहे, ती थोडी हलेल. चर्चचा अभिमान असणाऱ्यांना ते आवडणार नाही. चर्चचा राग असणाऱ्यांनाही नाही. दोघांचाही इतिहास त्या रेघेवर उभा आहे.

टेकडीवर त्याच मठाच्या शेजारी सांता मोनिकाचा जोगिणींचा मठ आहे. १६०६ मध्ये गोव्याचे आर्चबिशप आलेशो द मेनेझेश यांनी तो स्थापन केला, तेही ऑगस्टिनियनच. १८३४ नंतर पुरुषांचे मठ रिकामे करून घेतले गेले, पण जोगिणींना आतच मरण्याची मुभा मिळाली. शेवटची १८८५ मध्ये गेली. बाहेरच्या पुरुषांचा मठ पडत होता, त्याच्या पन्नास वर्षांचे साक्षीदार हे घर. तिथे दाई, दासी, स्वयंपाकिणी किती होत्या आणि त्या कुठल्या, हा प्रश्नही अजून राणीएवढा मोठा झालेला नाही. तो होणारही नाही, कारण केतेवानच्या मागे एक देश होता. त्या देशाचे राजदूत होते, चर्च होते, चिकाटी होती. सोव्हिएत संघ मोडला तरी ते लोक येत राहिले. त्यांना नावे ठेवायला जागा नाही. आपल्या माणसासाठी असेच यावे लागते.

दुसऱ्या आणि तिसऱ्या हाडासाठी कोण येणार? दासीचा दूतावास नसतो. तिसवाडीच्या कुळाचे शिष्टमंडळ दिल्लीला जात नाही. ते काम ज्यांचे, त्या आपल्या विद्यापीठांतल्या इतिहास विभागांत मोडी शिकण्याची हौस अलीकडे वाढली आहे, ही चांगली गोष्ट. सतराव्या शतकातले हाताने लिहिलेले पोर्तुगीज वाचणारे मात्र बोटांवर मोजण्याइतके. पोर्तुगीज अमलातल्या किनाऱ्यावर शतकानुशतके कोण काय पिकवत होते आणि कुणाला देत होते, याचा मोठा हिस्सा त्याच लिपीत पडला आहे. गोवा सरकारने आणि मुंबई-पुण्याच्या विद्यापीठांनी मिळून दरवर्षी दहा मुलांना ती वाचायला शिकवावे. खर्च एका शिष्टमंडळाच्या विमानभाड्याहून अधिक येणार नाही.